वाटेतलं शून्य

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते, पण विचारली की तू म्हणतेस, "मी काय पेशंट आहे?" म्हणून थेट बढाईवर येते. मला काम मिळालं. खरं काम. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर मी नुसतं हो-हो करते आणि ऐकत नाही असा निकाल तू देऊन ठेवला आहेस. तेव्हा पत्र.

आमच्या ऑफिसचं नाव संयुक्त पुरावा कक्ष. पाच देशांच्या सरकारांनी मिळून काढलंय. कल्पना साधी आहे, तरी ती सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. एका देशाने काही करून पाहिलं, त्याचं बरं-वाईट मोजलं, की तो पुरावा बाकीच्या चौघांना द्यायचा. एकाच खड्ड्यात पाच जणांनी पाळीपाळीने पडायचं कारण नाही. कुणाच्या मेहुण्याने सुचवलं म्हणून निर्णय व्हायचे नाहीत, पुरावा बघून होतील.

प्रत्यक्षात गाडी अजून थोडी खालच्या पायरीवर आहे. पहिली बैठक तीन तास चालली. त्यातले दोन तास टेबलावर पाच झेंडे कुठल्या क्रमाने ठेवायचे यात गेले. शेवटी गोल टेबल मागवलं. ते दारातून आत येईना. मग झेंडे खिडकीत लावले, आणि आता रस्त्यावरून आमचं ऑफिस आइस्क्रीमच्या दुकानासारखं दिसतं. काल एका बाईंनी आत येऊन खरंच भाव विचारला.

माझ्या विभागप्रमुख बाईंचं म्हणणं एकच: मंत्री एकच पान वाचतो, आणि त्यातलीही पहिली ओळ. ती पहिली ओळ लिहिणं हे माझं काम. पहिलाच विषय तुझा निघाला! लहान गावांतली प्रसूती केंद्रं बंद करून बायकांना गाडीने मोठ्या रुग्णालयात नेलं, तर चालेल का? सगळ्यांना भीती होती की बायका वाटेतच बाळंत होतील. शेजारच्या देशातल्या एका संस्थेने दोन वर्षांचे आकडे तपासले. वाटेत झालेले जन्म: शून्य. मी पहिली ओळ लिहिली, "रस्त्यात बाळंतपण: शून्य." बाई म्हणाल्या, "मुली, ही ओळ तर कविता आहे."

तुझ्या केंद्राचं छत दोन वर्षं दुरुस्त होत होतं, ते आता तरी गळायचं थांबलं का? मोठ्या रुग्णालयात लिफ्ट आहे गं, आत्या. बत्तीस वर्षं जिने चढलीस, आता बटण दाब.

तुझी,
भिंगरी

२४ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. त्यातला एक जेवणासाठी ठेव, फोटोत तुझी गालफडं बसलेली दिसतात.

तुझं पत्र तुझ्या बापाने माझ्याआधी वाचलं. आता दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करता करता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, पोरीच्या हाताखाली पाच सरकारं आहेत. परवा एका बाईने विचारलं, "मग आमच्या नळाला पाणी का नाही?" त्याने उत्तर दिलं, "तो सहाव्याचा विषय आहे."

आमची बाळंतपणाची खोली उघडली. दोन वर्षं बंद होती, रंग अजून ओला आहे. एका भिंतीला त्यांनी असा पिवळा दिलाय की कावीळ झालेलं बाळ तिथे ओळखू यायचं नाही. पण छत कोरडं. पहिल्याच आठवड्यात तीन झाली, तीनही मुली, तीनही आवाजाने खणखणीत. या दोन वर्षांत ज्यांना मी ॲम्ब्युलन्सने अडतीस किलोमीटर नेलं त्या बायका पोरांना घेऊन खोली बघायला येतात. टायर चालायला लागला. पंपला मामीकडे नेऊन ठेवलंय. फाटक परवा मला चावला.

ते शून्य कोणी मोजलं गं? सहज विचारते.

आत्या

ता.क. लिफ्ट मला आवडत नाही. तिला माझ्या वाटेचं काही कळत नाही, नुसतं वर आणि खाली.

११ फेब्रुवारी

आत्या,

तू विचारलंस म्हणून सांगते. शून्य शेजारच्या देशातल्या संस्थेचं आहे, म्हणजे अगदी बाहेरचं. घरचा आकडा असता तर मीच दहादा तपासला असता. हा गुळगुळीत कागदावर आहे, खाली तळटिपा, तळटिपांनाही तळटिपा. बाकीच्या तीन देशांचे अहवालही तेच सांगतात. चार देश एकच बोलतायत म्हटल्यावर मी कोण शंका घेणार?

आता मला लिहायचंय ते लिहिते. माझं पान मंत्र्यांपर्यंत गेलं. त्यांनी पहिली ओळ वाचली. आपल्या देशातली एकसष्ट केंद्रं एक जुलैपासून बंद होणार. यादी सोबत आहे. सतराव्या क्रमांकावर तुझं आहे.

मी रडले, पण कामाच्या वेळेत नाही. बाई म्हणाल्या, वाटल्यास तुझ्या आत्याचं केंद्र वगळण्यासाठी शब्द टाकते. मी नाही म्हटलं. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. मी शिकले ती याचसाठी ना, की ओळखीने काम होऊ नये? पुराव्यासमोर आत्या आणि परकी सारख्याच. हे वाचून तुला माझा राग येईल आणि थोडा अभिमानही वाटेल, अशी आशा आहे.

फाटक कोण? कुत्रा पाळलास का? चावला असेल तर इंजेक्शन घे, चालढकल करू नकोस.

तुझी,
भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

फाटक कुत्रा नाही. आणि इंजेक्शन घे म्हणून मला सांगू नकोस, या गावात ती मीच देते.

यादी बघितली. सतरा. तुझा दोष नाही, तू शिकलेली आहेस. अभिमान वाटला. राग पण आला. दोन्ही घेऊन दिवसभर काम केलं आणि एका बाईचा रक्तदाब उलटा लिहिला.

त्या संस्थेच्या माणसाला एवढंच विचार, मोजणारा गाडीत बसला होता का.

ड्रायव्हरने नमस्कार सांगितलाय. म्हणतो, पोरगी मोठी झाली, आता तरी हॉर्न दुरुस्त करून दे म्हणावं.

आत्या

१५ मार्च

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. आधी तुझ्या प्रश्नाचा राग आला होता, मग लाज वाटली की तो मला का सुचला नाही.

मी त्या संस्थेतल्या आकडेतज्ज्ञाला फोन लावला. गोड माणूस आहे, प्रत्येक वाक्याच्या आधी तीनदा क्षमा मागतो. विचारलं, मोजणारा गाडीत बसला होता का? तो म्हणाला, "क्षमा करा, आम्ही मोजलंच नाही. आकडा तुमच्याच सरकारने सामायिक केला. आम्ही त्याचा अभ्यास केला." मग मी बाकीचे तीन अहवाल उघडले. पहिला दुसऱ्याचा दाखला देतो, दुसरा तिसऱ्याचा, तिसरा शेजाऱ्याचा, आणि शेजारी आपला. आपल्याच विहिरीचं पाणी चार देशांनी बाटल्या बदलून आपल्याला विकलं, आणि मी वर लेबल चिकटवलं!

त्याने मूळ कागदाची प्रत पाठवली. एका केंद्राचे चोवीस मासिक अहवाल. केंद्राचं नाव झाकलेलं, नुसतं "केंद्र क". छत गळतंय म्हणून दोन वर्षं बंद असलेलं, एकशे बेचाळीस बायका गाडीने पाठवलेलं केंद्र. "वाहतुकीदरम्यान जन्म" या रकान्यात चोवीस वेळा शून्य. आणि प्रत्येक शून्याच्या पोटात एक टिंब.

मी दुसरीत असताना तू मला शून्यात टिंब द्यायला शिकवलं होतंस, कुणी शेपूट जोडून त्याचा नऊ करू नये म्हणून. शाळेतल्या बाईंनी मला त्यासाठी छडी मारली होती. जगात असं शून्य काढणाऱ्या दोनच बायका आहेत, आणि दुसरी मी.

खरं सांग. एकशे बेचाळीस बायका, अडतीस किलोमीटर, त्या ड्रायव्हरची गाडी, मध्ये रेल्वेचं फाटक...

आत्या, फाटक कोण आहे?

भिंगरी

२२ मार्च

भिंगरे,

बस. पाणी पी. सांगते.

फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, ती आली आणि मध्येच उभी राहिली. मी गेटमनला ओरडले, गेटमन गार्डला, गार्डने ऐकलंच नाही. तेवढ्यात पोरगा आला. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. रुग्णालयात पोचलो तेव्हा तो पन्नास मिनिटांचा होता.

नोंदवहीत जन्माला दोनच चौकटी: केंद्र, नाहीतर रुग्णालय. मी चौकटीबाहेर खरं लिहिलं, रेल्वे फाटक. जन्मनोंदणीच्या कारकुनाने कागद परत पाठवला. शेरा होता, "फाटक ही मान्यताप्राप्त आरोग्य संस्था नाही." त्या पोराची आई ओली बाळंतीण, तो खांद्याला, सात वेळा त्या ऑफिसात गेली. सातव्या वेळी कारकून तिला म्हणाला, मूल जन्मल्याचा पुरावा काय? मूल त्याच्या टेबलावर होतं. पुरावा पोरानेच कागदावर दिला, ओला.

त्या दिवशी मी नवा कागद केला आणि लिहिलं, रुग्णालय. मग जो जो वाटेत झाला, त्याला तेच. एकूण नऊ. टायरच्या दुकानासमोर एक, पेट्रोल पंपावर एक, वळणावर जुळी. गावाने नावं ठेवली, मी नाही. मासिक अहवालात मात्र वाटेतल्या जन्मांचा रकाना होता. तिथे नऊ लिहिले असते तर नोंदवहीशी जुळलं नसतं आणि पोरांचे दाखले परत निघाले असते. म्हणून शून्य. टिंबासकट, कारण सवय. तू खोटं म्हण. मी म्हणत होते, तासाभरात खरं होणारं. माझा अहवाल चुलीतसुद्धा कुणी वाचून घालत नाही, आणि तो पाच देश फिरून आला! मला वाटलं होतं मी एका कारकुनाला फसवतेय.

पहिल्या पत्रानंतरच सांगायला हवं होतं. भ्यायले. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, आणि खोट्या नोंदीला काय शिक्षा असते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पण यादी पुन्हा वाचली. सतराचं मला कळतं. बाकी साठ गावांच्या वाटेवर किती फाटकं आहेत, ते मला माहीत नाही, आणि तुझ्या मंत्र्यालाही नाही. तेव्हा लिही. माझं नाव घालून लिही. पुराव्यासमोर आत्या आणि परकी सारख्याच, असं कुणीतरी मला लिहिलं होतं.

ड्रायव्हरच्या लॉगबुकची प्रत जोडली आहे. खरं शोधत असशील तर ते सगळं त्यात आहे, मी कधी बघायला गेले नाही इतकंच. त्याच्या अक्षराला आणि डिझेलच्या वासाला क्षमा कर.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

लिहिलं. पहिली ओळ अशी: "रस्त्यात बाळंतपण: नऊ. आधीचे शून्य चुकीचे होते. ते कोणी मोजले हे मी विचारले नाही, चूक माझी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "चूक कबूल करणारी पहिली ओळ मी एकवीस वर्षांत वाचलेली नाही. 'सुधारित अंदाज' लिही ना." मी म्हटलं, नऊ पोरांना अंदाज कसं म्हणू? त्या म्हणाल्या, "तुझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही, हे लक्षात आहे ना?" म्हटलं, आहे. त्यांनी खिडकीतला एक वाकडा झेंडा सरळ केला आणि सही केली. सही करताना पुटपुटल्या, "माझा धाकटा टॅक्सीत झाला होता."

ड्रायव्हरचं लॉगबुक आता पाच सरकारांचा अधिकृत दस्तऐवज आहे. चार भाषांतरकार त्यावर बसलेत. "फाटक बंद. कळा चालू. मुलगा, अंदाजे तीन किलो, माझ्या अंदाजाने पावणेतीन पण बाई रागावल्या" हे वाक्य त्यांनी कसं केलं असेल देव जाणे. "हॉर्न नाही, तोंडाने ओरडलो" याला एका देशाने तळटीप मागितली आहे.

तुझं नाव मी घातलं. माझ्याच हाताने टाइप केलं आणि मग उठून नळाखाली हात धरून उभी राहिले. तुला काही झालं तर ते माझ्या पानामुळे होईल, आणि ते मला कुठल्याही तळटिपेत ढकलता येणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, पुरावा म्हणजे आकडे. त्याला हात असतात हे कुणी शिकवलं नव्हतं.

पाचही सरकारांचा एक-एक माणूस सहा मे रोजी तुझ्याकडे येतोय. तुझ्या पाया पडते, त्यांच्याशी नीट बोल.

तुझी,
भिंगरी

८ मे

भिंगरे,

नीट बोलले. ऐकणारेच दमले.

पाच सरकारं एकाच पांढऱ्या गाडीतून आली. नोंदवही तपासली, लॉगबुक तपासलं, मला दोन तास बसवून विचारलं. सगळं कबूल केलं. एकाने विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" मी म्हटलं, शून्याचा होतो, रुग्णालय लिहिल्याचा नाही. त्याने पहिलं लिहून घेतलं.

मग म्हणाले, प्रत्यक्ष रस्ता पाहायचा. ॲम्ब्युलन्समध्येच बसवलं. ड्रायव्हर दाढी करून आला होता. आणि फाटकाने माझी लाज राखली गं! बंद. मालगाडी आली, ती मध्येच उभी राहिली, जशी तिची रीत आहे. सत्तेचाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं घड्याळं बघितली, मग कोट काढले, मग वेळ जावा म्हणून डबे मोजायला लागले. एकाचे एक्केचाळीस, दुसऱ्याचे चव्वेचाळीस, तिसऱ्याने इंजिन धरलं, चौथीने नाही धरलं, पाचवा म्हणाला सरासरी काढू. मी म्हटलं, "साहेब, या गाडीत आता एखादी बाई कळा देत असती तर तिला सरासरी दिली असती का?" ड्रायव्हर पुढून म्हणाला, "त्रेचाळीस. रोज मोजतो."

त्यांना मुलं बघायची होती. सगळी आणली. फाटक एका देशाला चावला. कुठल्या ते लिहीत नाही, संबंध बिघडतील.

जाताना सगळ्यात तरुण होती ती मागे राहिली आणि म्हणाली, "तुमची भाची आमच्याकडे हवी होती." मी म्हटलं, पाचांत एक आहे, वाटून घ्या.

आता जे व्हायचं ते होऊ दे. तू जेव.

आत्या

२ जून

आत्या,

निकाल आधी मी कळवते, सरकारी पाकीट नंतर येईल, कारण त्यावर पाच शिक्के मारायचेत.

एकसष्टची यादी थांबवली. प्रत्येक गावातून गाडीत बसून वाट मोजल्याशिवाय एकही केंद्र बंद होणार नाही. पाचही देशांच्या नोंदवह्यांत तिसरी चौकट येणार: "वाटेत". नऊ मुलांचे दाखले जसेच्या तसे राहणार. त्यावर एकमत झालं, आमच्या कक्षात पहिल्यांदाच. घाबरून लोकांनी दुसऱ्यांदा मतदान घेतलं.

आता वाईट. तुझी नोकरी राहिली, पण तुला लेखी ताकीद आहे, आणि नोंदवही तुझ्याकडून काढून नव्या सिस्टरकडे दिली जाईल. कायमची. मी तीन पानं विनंती लिहिली. उत्तर आलं, पुराव्यासमोर सगळे सारखे. हे वाक्य त्यांनी माझ्याच पानातून घेतलं होतं; तुला लिहिलेलं तेच मी नऊ मुलांच्या पानात शेवटी घातलं होतं.

माझं प्रोबेशन सहा महिने वाढवलं. पण आमच्या प्रत्येक पानावर आता पहिल्या ओळीच्याही वर एक ओळ छापील असते: "हे कोणी मोजले?" बाई म्हणतात, मंत्री आता एवढंच वाचतील आणि झोपतील. म्हणू देत.

रागावली आहेस का?

भिंगरी

१ जुलै

भिंगरे,

ताकीद आली. कागद चांगला जाड आहे. तुझ्या बापाने दुकानात काचेखाली लावलाय, गिऱ्हाइकांना सांगतो की बहिणीला पाच सरकारांचं पत्र आहे. आतलं कुणी वाचत नाही.

नोंदवही गेली ते लागलं. खोटं कशाला बोलू, आता तर मुळीच नाही. बत्तीस वर्षांचं माझं अक्षर, आणि त्याच्याखाली नव्या सिस्टरचं. पोरगी कामाला चांगली, पण लिहिते म्हणजे कोंबडी शाईतून चालत जाते. मी बाजूला बसते आणि हाताची घडी घालते.

आज महिनाअखेरचा अहवाल तिने भरला. नवा कागद, तीन चौकटी. जून महिन्यात आमच्याकडे अकरा बाळंतपणं झाली. सगळी पिवळ्या भिंतीच्या खोलीत. ॲम्ब्युलन्स महिनाभर दारात उभी, ड्रायव्हर तिचा नवा हॉर्न पुसत होता. तिसऱ्या चौकटीशी येऊन ती थांबली आणि मला विचारलं, "मोठ्या सिस्टर, वाटेत किती?"

म्हटलं, शून्य.

तिने काढलं. वाकडं, पण गोल. मग पेन माझ्यापुढे धरून म्हणाली, "ते तुमचं टिंब तुम्हीच द्या."

दिलं. कुणी विचारलं कोणी मोजले, तर मी मोजले म्हणून सांग.

आत्या